टॅम्प्लीज

वॉर्डातून कागद आला. विषय : शांतता.
प्रत्येक मुलाचं एक चित्र, शुक्रवारपर्यंत.
मुलं तेवीस, खडूंचा डबा एक,
त्यातला जांभळा अर्धा उंदरानं नेलेला.

मी विचारलं, सांगा बरं, शांतता म्हणजे काय?
तर तेवीसच्या तेवीस
हाताची घडी, तोंडावर बोट.
यल्लवानं तर डोळेही मिटून घेतले,
शाबासकी जास्त मिळेल म्हणून.

सोळा वर्षं बालवाडी चालवतेय अँटॉप हिलला.
या शब्दाबद्दल
एवढंच शिकवलं मी.

बोटं काढा, म्हटलं. बोला.
कोणीतरी म्हणालं, कबुतर,
कारण भिंतीवरच्या तक्त्यात ते आहे.
पण आपल्या खिडकीतली तर दिवसभर भांडतात,
दुर्वानं लगेच बोट दाखवलं.
खरंच भांडत होती.

पलीकडे ट्रान्झिट कॅम्पच्या जागी टॉवर येतोय.
पायलिंगचं मशीन धडाड धडाड,
प्रत्येक ठोक्याला फळ्यावरून पूड गळते.
तबरेज म्हणाला, एक वाजता ते जेवायला जातं ना,
तेव्हा आमची चिंगी झोपते.
मशीन जेवायला जातं, असंच म्हणाला तो.
मी दुरुस्त केलं नाही.

तेवढ्यात जांभळ्या खडूवरून दुर्वा आणि इफ्फत.
आधी केस, मग फ्रॉक, मग
करंगळीला करंगळी लावून जन्मभराची कट्टी.
खडू मोडला.
दोघी बघत राहिल्या त्याच्याकडे.
मग इफ्फत म्हणाली, आता दोन झाले.

जन्मभराची कट्टी
खिचडीचं पातेलं येईपर्यंत टिकली.
माझी धाकट्या जावेशी नववं वर्ष चालू आहे,
एका तांब्याच्या हंड्यावरून.
हंडा तिच्याकडे आहे. गळतो म्हणे.

यल्लवानं आता डोळे उघडले होते.
बाई, शांतता म्हणजे टॅम्प्लीज.
मूठ ओठाला लावायची, पुच् करायचं,
मग कोणी शिवायचं नाही.
ज्याच्यावर राज्य आहे त्यानंपण नाही.
आणि कारण?
चपलेचा अंगठा निघाला, शू लागली, दम लागला,
किंवा असंच.
कारण विचारायचं नसतं, बाई.

सावी मागे बसते, भिंतीला टेकून.
जूनपासून तिचा आवाज मी
हजेरीपुरता ऐकलाय.
तिच्या कागदावर दोन चपला होत्या.
मोठ्या माणसाच्या, काळ्या पट्ट्यांच्या,
भिंतीपाशी एकमेकींना लागून, नीट.
कागदाच्या बाकीच्या जागेत काहीच नव्हतं.

पप्पांच्या, ती म्हणाली.
अशा काढल्या की आम्ही जेवतो.
एक दारात, एक उडून मोरीपाशी गेली
की मी छोटूला घेऊन पलंगाखाली जाते.
तिथे पण छान आहे.

मग जरा थांबून,
खडूचं टोक नखानं खरवडत :
बाई, टॅम्प्लीज मोठ्यांवर चालतं का?

माझ्याकडे उत्तरं असतात.
वाघ काय खातो, चंद्र मागे मागे का येतो,
मेलेलं मांजर कुठे गेलं, त्याचंसुद्धा होतं.
मी डब्यातले खडू लावत बसले,
लहान, मोठा, लहान.

आणि एक वाजला.
मशीन जेवायला गेलं.
अचानक पंख्याची कटकट ऐकू आली,
कुठल्यातरी मजल्यावर कुकरची शिट्टी,
तबरेजचं पोट गुरगुरलं एवढ्या मोठ्यानं
की सगळी हसून लोळली, सावीसुद्धा,
तोंडावर हात ठेवून.
शांत बसा म्हणायला माझं तोंड उघडलं होतं.
ते मी मिटलं.

शुक्रवारी चित्रं पाठवली. बावीस.
शिपाई म्हणाला, एक कमी आहे.
म्हटलं, मूल गैरहजर होतं.
खोटं बोलले.

तेविसावं माझ्या पर्समध्ये आहे,
आधार कार्डाच्या मागे, घडी करून.
साडेसात वाजलेत.
त्यांच्या गल्लीत मी याआधी एकदाच गेलेय,
पोलिओच्या वेळी.
काय बोलायचं ते अजून ठरलेलं नाही.
दार उघडलं
की आधी चपला बघेन.