शेवटचं थळ

साक्रीहून जीप आली तेव्हा झिपरूबाबा पाटात उभा होता,
गुडघ्यापर्यंत गाळ, हातात फावडं.
वर आला नाही. मला म्हणाला, पाव्हणीले सांग,
पानी थांबत नही, मी कसा थांबू.

मी दुभाषी.
धुळ्याच्या कॉलेजात दोन वर्षं इंग्रजी,
तेवढ्या भांडवलावर पंचांनी मला पुढं केलेलं.
बाई फिलिपीन्सच्या, अगदी उत्तरेकडच्या, नाव मारिसेल,
वहीला प्लास्टिकचं कव्हर, पायात गमबूट.
आमच्या पांझरेला एवढे उंच बूट लागत नाहीत,
फेब्रुवारीत तर नाहीच.

हे किती जुनं, त्यांनी विचारलं.
सरपंच म्हणाले चारशे वर्षं,
ग्रामसेवक म्हणाले तीनशे,
झिपरूबाबा म्हणाला, मन्हा आजानी मन्हा बापले दखाडं.
मी तिघांचंही सांगितलं.
बाईंनी तिसरं लिहून घेतलं.

मग बंधाऱ्यावरून पाट, पाटातून चारी, चारीतून फड,
एका फडात एकच पीक, सगळ्यांचं,
इथवर इंग्रजी पुरलं.
थळकरी या शब्दाशी अडलो.
मालक म्हणावं तर खोटं,
सभासद म्हणावं तर सोसायटीच्या खताचा वास,
शेवटी नुसतंच म्हणालो, थळकरी. दोनदा, सावकाश.
बाईंनी मान हलवली.
त्यांच्याकडे अशा वाट्याला आतार म्हणतात.
आतार. झिपरूबाबानं तो शब्द तोंडात घोळवला,
हरभऱ्याचा घाटा फोडून चाखावा तसा.

त्यांच्या गावचा बंधारा बांबूचा, वाळूचा, केळीच्या पानांचा.
वादळ आलं की वाहून जातो.
वादळ गेलं की घरटी एक माणूस नदीत उतरतो,
न उतरेल त्याला दंड,
आणि स्वयंपाक सगळ्यांचा एका चुलीवर.
झिपरूबाबा म्हणाला, आम्हना दगडना शे,
आम्हले एकठं येवानं काम पडत नही.
हे त्यानं मिरवत सांगितलं की कण्हत,
मला इंग्रजीत वेगळं करता आलं नाही.

बाईंनी खाली बोट केलं, पाट संपतो तिकडे,
जिथं बाभळी आहेत आणि मधे भेगाळलेलं अर्धा एकर.
ते कुणाचं?
सरपंचांनी मोबाईल काढला. ग्रामसेवकांनी चहाचं बोलवणं.
ते झिपरूबाबाचं,
पाटाची राखण करतो म्हणून त्याच्या पणज्याला दिलेलं.

आमच्याकडे, बाई म्हणाल्या,
प्रमुखाला मोबदल्यात जमीन मिळते
ती मुद्दाम शेवटाला.
त्याला पाणी हवं तर ते आधी
सगळ्यांच्या वावरातून गेलं पाहिजे.

हे वाक्य तोंडात धरून मी उभा राहिलो.
पाटाच्या तोंडाशी आमचं वावर.
पाटापासून दहा पावलांवर आमची बोअर, चारशे ऐंशी फूट,
मी दहावी झालो त्या वर्षीची.
त्या वर्षीपासून खालच्या फडात गहू नाही,
मग हरभराही नाही.
हे कुणी एकमेकांना जोडून बोललेलं नाही,
मीही नाही.

वाक्य लहानच होतं. अहिराणीत आणखी लहान झालं.
झिपरूबाबानं पहिल्यांदा फावडं खाली ठेवलं.
बराच वेळ बाभळींकडे बघून त्यानं विचारलं,
त्या प्रमुखनी बायको काय म्हनस?
बाई हसल्या. माझी आईच प्रमुख होती, म्हणाल्या.
वडील ओरडायचे.
मग झिपरूबाबाही हसला, दात नसलेलं, मोकळं.
पंच उशिरा हसले.

जाताना बाईंनी पाटात बूट धुतले.
टाचेला थोडा गाळ राहिलाच,
तो विमानात बसला असेल.

रात्री अकराला लाईट आली.
वडिलांच्या मोबाईलवर मोटारीचा आवाज वाजला,
आपोआप सुरू होते ती, उठावं लागत नाही.
मी जागा होतो.
सांगायचं तर आहे त्यांना.
मराठीत सांगावं की अहिराणीत,
तेवढं अजून ठरत नाही.