फळी

माझ्या दुकानात लाकडाची एक फळी आहे.
लहान गिऱ्हाईक आलं की खुर्चीच्या दोन हातांवर आडवी टाकतो,
वर पोराला बसवतो, म्हणजे डोकं आरशापर्यंत येतं.
गावातलं प्रत्येक पोरगं या फळीवर कधी ना कधी रडलेलं आहे.

जून लागला की मला कळतं कोण कुठे चाललं.
व्हॅनवाल्या शाळेची पोरं डायरी घेऊन येतात,
डायरीत लिहिलेलं: केस कानावर नकोत.
जिल्हा परिषदेची नुसतीच येतात,
नाहीतर येतही नाहीत, आई घरीच कात्रीनं उरकते.
मशीन दोघांवर सारखंच गुरगुरतं.
उवा, विचाराल तर, दोन्हीकडे.

यंदा श्रेयश सहाचा झाला
आणि ज्याची दाढी करावी तो मला शाळा सांगू लागला,
गालावर साबण असतानासुद्धा.
पोस्टातले देठे म्हणाले, "कॉन्व्हेंटातच टाक.
का त्याच्याही हाती वस्तराच देतं?"
वस्तरा तेव्हा त्यांच्याच गळ्यावर होता.
मी काही बोललो नाही.
सोसायटीचे ठोंबरे म्हणाले, मोफतवाला फॉर्म भर, पंचवीस टक्क्यांचा.
भरला.
सोडतीचा मेसेज आला: प्रतीक्षा यादी, एकशे चौदा.

मग ज्योत्स्ना म्हणाली, पाहून तं येऊ.

दारव्ह्याच्या कॉन्व्हेंटात फरशी इतकी साफ
की मी चप्पल बाहेर काढली. बाकी कोणी काढली नव्हती.
मॅडमनी श्रेयशला नाव विचारलं,
त्यानं इंग्रजीतून सांगितलं, तीन दिवस घोकलेलं.
मग त्या मराठीतच म्हणाल्या, बाबा काय करतात?
"डोके पाह्यते. सगळ्यायचे."
मॅडम हसल्या. चांगल्या हसल्या, खोटं कशाला बोलू.
फीचा कागद छापील होता.
व्हॅनचे वेगळे.

दुसऱ्या दिवशी गावातली शाळा.
इंगोले गुरुजी एकटे, चार वर्ग, एकोणीस पोरं.
दुसरीला पाढे लावून चौथीचा भागाकार,
मधेच फोन: अमुक माहिती आजच्या आज पाठवा.
श्रेयशला कोणी काहीच विचारलं नाही.
उईक्यांची तिसरीतली पोरगी हात धरून त्याला मागच्या बाजूला घेऊन गेली.
तासाभरानं परत आणला तेव्हा
पेन्सिल हरवलेली, शर्टाला बाभळीचा डिंक,
आणि विचारत होता, "उद्या कितीले यायचं?"

गुरुजी फाटकापर्यंत आले.
म्हणाले, "वीस झाले तं शाळा राह्यते. म्हणून नाही म्हणत मी."
थोडं थांबले.
"म्हणूनच म्हंतो, खरं तर."

रात्री ज्योत्स्ना भाकरी थापता थापता बोलली,
"तिकडे शिकला तं उद्या आपल्याशीच इंग्रजीत भांडते मंग."
"आन् इथं राह्यला तं?"
"तं कोनाशीच भांडता येत नाही त्याले."
तव्यावरची भाकरी करपली. ती मी खाल्ली.

पंचवीस जूनच्या रात्री दुकान बंद करून
त्याच्यासाठी फळी टाकली.
टाळूवर दोन भोवरे आहेत त्याच्या.
लोक म्हणतात, दोन भोवरे, दोन बायका.
मला इतकंच माहीत,
भोवऱ्यापाशी केस त्यांच्या मनानं उभे राहतात,
पाणी लावा की तेल.
"कसे कापू?"
"गुरुजीसारके."
गुरुजींना टक्कल आहे.

विसावं नाव गुरुजींनी शाईच्या पेनानं लिहिलं.
आडनावाचा ऱ्हस्व-दीर्घ मला दोनदा विचारला.
मला सांगता आला नाही.
कॉन्व्हेंटचं चकचकीत पुस्तक मी फेकलं नाही.
ब्लेडच्या खणात आहे.
नवीन पाकीट काढताना त्यावरची पोरं दिसतात,
सगळ्यांचे केस कानावरून नीट कापलेले.

पहिल्या रविवारी गुरुजी दाढीला आले.
मी नवं ब्लेड घातलं,
म्हटलं, "पोराचं डोकं आता तुमच्या हाती, गुरुजी."
ते हसले नाहीत.
डोळे मिटले
आणि मान स्थिर ठेवली.