झाडणीचं खातं

मांडवीत, लधाभाई ठक्करांच्या पेढीवर,
मी काळ्या फळ्यावर खडूनं भाव लिहायचो.
जावा सफेद. जावा पिवळी. मॉरिशस.
खाली उरलेल्या जागेत कोल्हापुरी गूळ,
त्याचा आकडा दर आठवड्याला अंग चोरून बसलेला.

गोदामाच्या मागच्या अंगाला बारदान झटकत.
सुराबायाहून आलेली रिकामी पोती,
त्यांच्यावर निळी वलंदेजी अक्षरं.
ठकूबाय आणि आणखी तिघीजणी
ती भिंतीवर आपटायच्या,
धुणं आपटावं तशा नव्हे, नारळ फोडावा तशा.
शिवणीत दडलेली साखर खाली यायची,
सोबत सुतळीचे तुकडे, मेलेले मुंगळे.

ती झाडणी त्यांची.
असं कुठं लिहिलेलं नव्हतं,
लिहिलेलं नव्हतं म्हणूनच ते चालत होतं.
संध्याकाळी पदराला गाठ,
रात्री डोंगरीच्या खोलीत तागाच्या वासाचा पाक,
सकाळी गिरणीच्या फाटकाशी गोळ्या,
पैशाला चार.

बत्तीस साली दिल्लीहून तार आली.
परदेशी साखरेवर हंड्रेडवेटमागं सव्वासात रुपये,
वर अधिभार वेगळा.
शेठच्या गोदामात जुन्या जकातीतली चार हजार पोती होती.
जागची न हलता ती रात्रीत महाग झाली.
शेठ पेढे वाटत म्हणाले, हवे देशनुं मीठुं!
मीठुं म्हणजे गोड, ठाऊक होतं मला,
पण सात वर्षं त्या पेढीवर काढूनही
कानाला आधी मीठच ऐकू यायचं,
वडाळ्याला ज्याच्यापायी डोकी फुटली ते.

छापील कागद मी हमालांना वाचून दाखवला.
संरक्षण, असा शब्द होता त्यात.
कुणाला, रामा घुमे म्हणाला.
कारखान्यांना, मी म्हणालो.
त्यानं पाठीवरचं पोतं जरा वर सरकवलं
आणि चालू लागला.

चौथ्या दिवशी हुकूम: झाडणीसुद्धा तोला.
लाल शाईनं नवा रकाना मीच आखला.
अक्षर माझं चांगलं होतं, त्याबद्दल
मला वर्षाला दोन रुपये जास्त मिळत.

आता ठकूबाय पदर रिकामा करून दाखवायची,
काटा माझ्या हातात.
मी दरवेळी नवटाकभर कमी लिहायचो
आणि तेवढी साखर पारड्यात राहू द्यायचो,
तिच्याकडे न बघता.
तिनं ती कधी उचलली नाही.
एकदा सगळ्यांच्या देखत म्हणाली,
कारकून, तुमचा वाटा विसरला.

काय बोलणार होतो.
शेठचा मुलगा आतल्या बाकावर होता.
मी नवटाक कागदात बांधली, खणात टाकली.
पुढच्या आठवड्यात आणखी एक.
पुड्या साठत गेल्या.
घरी नेल्या असत्या तर तिचं म्हणणं खरं ठरलं असतं.
श्रावणात खण उघडला तर
मुंग्यांनी हिशेब पुरा केलेला.

जावाच्या बोटी थांबल्या.
पोती नगरकडून येऊ लागली,
रेल्वेनं, वाडीबंदरला, नागरी अक्षरांची.
ती शिवायची जाडी निराळी,
शिवणीत फारसं काही राहत नसे.
तिघीजणी दुसरीकडे लागल्या.
ठकूबायनं शेवटची दोन वलंदेजी पोती
शेठकडून चार आण्यांना विकत घेतली
आणि कुठं गेली ते मुकादमालाही माहीत नव्हतं.

पाच वर्षांत इतके कारखाने उभे राहिले
की साखर कुणी घेईना.
सदतीसच्या चैत्रात भाव असा बसला
की शेठनी स्वतः येऊन फळा पुसला.
जाता जाता म्हणाले,
झाडणी आता कशाला तोलायची, राहू दे.

मी वही उघडली.
रकाना सरळ होता, लाल होता,
खालच्या ओळी सगळ्या कोऱ्या.
बेरीज मारायची राहिली होती.
तिथं दरवेळची नवटाक धरायची की नाही,
हे ठरेना.