पीलबाग

सावद्यात कुणी केळीचं बी मागत नाही.
जुन्या खोडाच्या पायथ्याचं पील काढायचं,
कंद तासायचा, लावायचा.
वाण तोच, घडाचा बाक तोच,
आणि मूळ झाडाला हरण्या असेल
तर हरण्याही तोच, इमानानं उतरलेला.

खताच्या दुकानात मी रोज हेच सांगतो.
तरी कपाटावरच्या जुन्या मशीनला बजावून ठेवलं होतं :
रात्री अडीचला, शेतांकडे थ्री-फेज येते तेव्हा,
धनराजकडे जाऊन बघ.
असेल ते जसंच्या तसं घे,
नसेल ते इथूनही पूस.
आरसा म्हणजे आरसा.

धनराज बोरसे, शिंदखेडा. कधी भेटलो नाही.
चार वर्षं अहिराणीचे शब्द गोळा करायचा,
मोबाईलच्या कीबोर्डाला शिकवायचा
की बाबा रे, 'आंडोर' ही चूक नाही,
त्याच्याखाली लाल रेघ ओढू नको.
अकरा हजार चारशे शब्द. कुणीही या, न्या.

मग डोळा की डोया, यावरून जुंपली.
कुणीतरी म्हणालं, खेडवळ.
एप्रिलमध्ये, भिंतीही तापलेल्या एका रात्री,
त्यानं एकेक शाखा तोडली.
खातं बंद केलं ते सकाळी.
मधल्या वेळात, अडीचला, माझा आरसा उठला,
गेला, पाहून आला,
आणि निमूट रिकामा झाला.
पडद्यावर लिहिलं होतं : काम यशस्वी.

यावलकडची नसीबा तडवी.
तिच्या पाड्यावर रेंज नाही,
म्हणून दिवाळीच्या सुट्टीत
सगळं पेनड्राइव्हवर उतरवून नेलेलं, मग विसरलेली.
सहा महिने शिळं. नऊशे शब्द कमी.
पूस म्हणून हुकूम सुटला
तेव्हा तिच्या पेनड्राइव्हला ऐकूच गेलं नव्हतं.

तो आला एसटीनं, कळण्याच्या पिठाच्या पिशवीत,
टोपण हरवलेला.
फुंकर मारून लावला.
ओळीओळीला नाव, तारीख, वेळ :
धनराज, रात्री एक बारा.
धनराज, पहाटे चार, 'डोया' जोडला.
धनराज, 'डोया' परत जोडला.

मे महिन्यात त्याचा फोन.
पंख्याचा आवाज जास्त, त्याचा कमी.
"बठं गयं ना?"
म्हटलं, नाही.
"कोठे शे?"
माझी बोली लेवा, त्याची ती नाही,
तरी तोंडातून तेच आलं :
"आठे शे."
बराच वेळ नुसता पंखा.
मग म्हणाला, उरलेले नऊशे वहीत आहेत,
बघतो.

मशीन अजून अडीचला उठतं.
मिळेल ते घेतं;
पुसायची ओळ मी काढून टाकली.
महिन्याकाठी एक पेनड्राइव्ह यावलच्या गाडीनं जातो,
आणि नसीबाला सांगितलंय, तू विसरत जा.

परवा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.
मोबाईलवर 'डोया' लिहून पाहिलं.
रेघ आली नाही.
वहीही अजून आलेली नाही.