ताळा

मुहर्रकला तिसऱ्या मजल्यावर,
एसीखालची बादली भरते आहे तोवर
मी हाजी रुवैशिदचं चरित्र वाचतो.
मोत्यांचा व्यापारी. जाऊन नव्वद वर्षं झाली.
लेखक म्हणतो, लबाड होता.
तीस वर्षं लोकांच्या वह्या तपासल्यात मी,
असा शब्द दिसला की
हात आपोआप पेन्सिलीकडे जातो.

पुरावा पहिला, दोन वह्या.
एकच मोती एकीत बेचाळीस चव, दुसरीत पस्तीस.
चव हे मोत्याचं माप, जिभेशी संबंध नाही.
अहो, एक वही इथली, एक मुंबईची,
आणि दोन्हीकडची चव वेगळी!
बारा ओळींना भागून पाहिलं.
सहाला पाच, सहाला पाच, शेवटपर्यंत सहाला पाच.
खोटं लिहिणाऱ्याचा हात
इतका सरळ चालत नाही.

दुसरा, बू-दर्राज दलालाचं पत्र:
"हा माणूस तोलताना तागडीला अंगठा लावतो."
दलाल हाजीचं चार हजार देणं लागत होता.
हे लेखकानंच सांगितलंय, पण ऐंशी पानं आधी,
तोवर कोण लक्षात ठेवतो.

तिसरा पुरावा नाहीच.
पान एकशे बारावर "असावा" आहे,
एकशे चाळीसवर "होता".
मधे नुसते वारे, गलबतं, खजूर
आणि एक लग्न.

समासात लिहिलं, सिद्ध नाही.
बरं वाटलं जरा,
मेलेल्या माणसाचं अडकलेलं येणं
वसूल करून दिल्यासारखं.

मग शेवटी, टिपांच्या मुंगीएवढ्या अक्षरांत,
वहीच्या एका पानाचा फोटो.
फरज, पाणबुड्या. समुद्रातच राहिला.
बाकी बहात्तर रुपये, मुलाच्या नावे पुढे ओढली.
मुलगा, वय नऊ.
लेखक यावर काही बोलत नाही.
बोलणार काय, बेरीज बरोबर आहे.
मीही करून पाहिली. दोनदा.
मोसमाची उचल, तांदूळ, कापड, नाकाचा चिमटा.
एक आणा जास्त लावलेला नाही.

बादली भरली. ओतून आलो.
पेन्सिल कुठे ठेवली ते सापडेना.

पानाच्या तळाशी अंगठा आहे.
कुणीतरी मनगट धरून नीट टेकवलेला,
शाई कुठे पसरलेली नाही,
आणि वहीच्या दोन रेघांच्या मधे
तो अख्खा मावला आहे.