हिरवं टोपण

कलामाहून समुद्राकडे उतरणाऱ्या रस्त्यावर,
फोनची रेंज जाते त्याच्या जरा अलीकडे,
माझं दुकान आहे.
रस्त्याकडेला अर्धा गाडलेला टायर, त्यावर
बापाच्या हातचं पांढरं अक्षर: पंक्चर.
त्याखाली माझ्या हातचं, थोडं वाकडं: नायट्रोजन.

साधी हवा फुकट.
नायट्रोजन चाकामागे दोन हजार पेसो.
फरक काय, असं विचारणाऱ्याला मी पाठ केलेलं सांगते:
दुपारी तापून फुगत नाही, पहाटे गारठून बसत नाही,
रबरातून झिरपायला वेळ लावतो, रिंग गंजू देत नाही;
विमानांत हाच, खाणीतल्या घराएवढ्या ट्रकांत हाच.
मग वाल्ववर हिरवं टोपण फिरवते.
टोपण दिसतं, म्हणून लोक पैसे देतात.
हे पाठ केलेल्यात नाही.

एक नोव्हेंबरला, मेलेल्यांना भेटायच्या दिवशी,
एलेउतेरिओ विल्का आला.
गाडी नातीची, चालवत तीच होती. हा शेजारी,
मांडीवर कागदी फुलांचं कडं धरून.
(खरी फुलं इथे दुपारदेखील बघत नाहीत.)
"चारही चाकांत नायट्रोजन," नात म्हणाली.
म्हातारा हसला. आधी नुसते खांदे,
मग बिनदातांचं तोंड.

"अगं, माझा बाप हेच जमिनीतून खणायचा.
दगड फोडायचे, उकळायचे, तळाशी सोरा.
जहाजं भरभरून जायचा,
कुणाच्या गव्हाला, कुणाच्या तोफेला.
आम्हाला पगार म्हणून कडक रबराचे बिल्ले,
तेही कंपनीच्याच दुकानात चालणारे.
मग तिकडे कुठेतरी शहाण्यांनी
तेच नत्र हवेतून काढलं.
हवेतून!
आमच्याकडे बातमी अशी आली:
एका सकाळी भोंगा वाजला नाही.
दारं विकली. छपराचे पत्रे विकले,
तुझ्या डोक्यावरचे त्यातलेच असतील, कोण जाणे.
मेलेले तेवढे राहिले, त्यांना गिऱ्हाईक नव्हतं."

मी काय बोलणार.
वाल्वची पिन दाबून जुनी हवा सोडायला घेतली.
त्याने वाकून तळवा धरला त्या फुसकाऱ्यावर,
मग नाकाशी नेला.
"ही कुठली?"
"इकिकेची," नात म्हणाली, "धक्क्याजवळच्या पंपावर भरलेली."
"तरीच ओलसर लागते."
जरा थांबून, हिशेब करत:
"हिच्यातही पाचातले चार भाग नत्रच ना?"
असतं, मी म्हटलं.
"म्हणजे तू भरायचे पैसे घेत नाहीस,
पाचवा भाग काढायचे घेतेस.
आणि तोच श्वासाचा."

बापाने मला शिकवलं होतं, गिऱ्हाइकाशी वाद घालू नये,
नट घट्ट करावेत.
मी नट घट्ट केले.

तीन चाकं झाली तेव्हा त्याने हात वर केला.
"चौथं राहू दे. त्यात समुद्र आहे,
आणि आई समुद्राकडचीच होती.
तिच्यापर्यंत तेवढाच घेऊन जातो."
नातीने माझ्याकडे पाहिलं. मी सहा हजार घेतले.
तीन हिरवी टोपणं, एक काळं,
आणि पिकअप उतारावर धुळीत धूळ होऊन गेली.

दुपारभर यंत्र घरघरत होतं,
हवा चाळत,
जाळीतून गव्हाचे खडे काढावेत तसं.
मला पहिल्यांदाच कळेना, खडा कुठला आणि गहू कुठला.

संध्याकाळी ते परतले.
कडं नव्हतं. बुटांवर पांढरं पीठ चढलेलं,
नातीचे डोळे सुजलेले, म्हाताऱ्याचे कोरडे.
"बघ तरी कोण किती टिकलं," तो म्हणाला.
मी एकेका चाकाला गेज लावला.
बत्तीस. बत्तीस. बत्तीस.
चौथं, समुद्राचं: बत्तीस.

आम्ही दोघं त्या काट्याकडे बघत उभे राहिलो,
वारा पडलेला, कुठे काही हलत नव्हतं.
तो काही बोलला नाही.
मी पैसे परत केले नाहीत.