कच्चा रंग

रात्रभर सॉक्सलेट ठिबकत होतं.
मिथेनॉलने आधी पिवळट मळ काढला,
हेक्झेनने विटकरी,
आणि पहाटे (घड्याळातल्या पहाटे,
नॉरशोपिंगला जानेवारीत उजाडतं पावणेनऊला)
क्लोरोफॉर्ममध्ये निळा उतरला.
इतका निळा, की विल्गोत म्हणाला, "काळाच आहे."
मी बाटली दिव्यासमोर तिरकी धरली.
मग तो काही बोलला नाही.

एकेरी बंध, दुहेरी बंध, एकेरी, दुहेरी,
धावदोरा घालत जावं तसा हा रेणू.
अंगाला शेपट्या लावल्यात म्हणून विरघळतो,
नाहीतर शाई कसली, नुसती वीट झाली असती.
उजेड पडला की आत एक जोडी जन्मते,
इलेक्ट्रॉन आणि त्याची रिकामी जागा.
दहा नॅनोमीटरच्या आत सीमा गाठली
तर वीज.
नाही गाठली तर दोघं एकमेकांत मिटतात,
काचेला जराशी ऊब येते, बस.

शनिवारी इंगेयेर्ड र्‍युडेल आली, काठी टेकत.
आमची प्रयोगशाळा हे तिचं रंगघर होतं,
गिरणी बंद पडायच्या आधी.
पावलं मोजत म्हणाली, "तीन नंबरची कढई इथं,
आणि मोरी तिकडे."
मोरी अजून आहे,
नायट्रोजनच्या पेटीखाली, झाकण घातलेली.

विल्गोतने तिला आकडा सांगितला, सतरा टक्के.
"ते नाही विचारलं," ती म्हणाली.
"उन्हात टिकतो का?"

आम्ही दोघंही बाटलीकडे बघत राहिलो.

तिनेच मग कृती सांगितली:
पट्टी दक्षिणेच्या खिडकीत चिकटवा,
अर्धी झाका, अर्धी उघडी,
आणि उन्हाळ्यापर्यंत हात लावू नका.
कापडाची परीक्षा आम्ही अशीच घ्यायचो.
विल्गोतने पट्टी लावली, घाईत
वरून इपॉक्सीचा एक थेंब सांडला,
मसुराएवढा. त्याने शिवी हासडली. पुसायचं राहून गेलं.

जून. रात्रीचे दहा, आणि नदीवर लख्ख ऊन.
आम्ही वरचा अल्युमिनियमचा कागद सोलला.
झाकलेला भाग निळा, जसाच्या तसा.
उघडा भाग बिनदुधाच्या चहासारखा विटलेला.
कच्चा रंग. मला वही मिटावीशी वाटली.

पण त्या चहाच्या मधोमध
थेंबाखाली, भर उन्हात पाच महिने,
निळा.

"म्हणजे ऊन एकटं नव्हतं," विल्गोत हळूच म्हणाला.
हवाही होती सामील.

इंगेयेर्डने चष्मा कपाळावर सरकवला,
नखाने थेंब टोकरून पाहिला.
जन्मभर डाग काढलेली बाई.
म्हणाली, "हा मात्र धुऊ नका."